पट्टा शोधायला निघालो, गंगापूर रोडने

शुक्रवारी दुपारी फोन आला तेव्हा आम्ही कचेरीत जमाखर्चाच्या वहीवर मान मोडून बसलो होतो. फोन भाच्याचा. "मामा, ट्रॅक्टरचा पट्टा तुटला. आबा म्हणतात, उद्या येताना फॅनबेल्ट घेऊनच या. मी एक आणला, तो बसत नाही."

जन्मभर खतावणी लिहिणाऱ्या माणसाला फॅनबेल्टमधले काय कळणार, हा प्रश्न वाचकांना पडेल. तो आम्हालाही पडला. परंतु आमचे दाजी हट्टी. 'शहरात राहतो, चार माणसे ओळखतो, त्याला मिळेल' असे त्यांचे ठरलेले. शहरात राहणाऱ्या मेहुण्याबद्दल खेड्यातल्या माणसाच्या ज्या कल्पना असतात, त्या मोडण्याचे धैर्य आम्हाला आजवर झालेले नाही.

ट्रॅक्टरची थोडी हकिगत आधी सांगावी लागेल. गंगापूर रोडने शहर सोडून गंगापूर गावाच्या पुढे गेले, की धरणाच्या अंगाला जी लहान लहान गावे आहेत, त्यांतल्या एका गावी आमची थोरली बहीण दिली. तेथल्या आपल्या वस्तीतील चार घरांनी मिळून पंचवीस-एक वर्षांपूर्वी हा ट्रॅक्टर जुना म्हणून घेतला. तेव्हाच तो म्हातारा होता. कोणी बैलजोडी विकली, कोणी कानातले मोडले, आमच्या ताईने शिवणकामाचे पैसे घातले. स्वतःच्या तुकड्यांची मशागत व्हावी आणि उरलेल्या दिवसांत भाड्याची कामे करावीत, असा बेत. तो बेत आजवर कसाबसा चालला.

आता गावात नवे, मोठे, रंगीत ट्रॅक्टर पुष्कळ झाले. पण ते अर्ध्या एकराच्या वाकड्या तुकड्यात यायला तयार नसतात आणि आले तर रोख मागतात. आमचा म्हातारा जातो. आणि पैसे पीक निघाल्यावर घेतो. वस्तीच्या टोकाला एक विधवा बाई राहतात, त्यांची दीड एकर कोरडवाहू. त्यांनी यंदा नांगरटीसाठी पाचशे रुपये इसार आगाऊ देऊन ठेवला होता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, आभाळ रोज दुपारी भरून येते आणि ट्रॅक्टर पडवीत उभा. त्यात चार घरांपैकी एका घराचे म्हणणे, की आता पुरे झाले, भंगारवाला किलोवर भाव देतो आहे, विकून वाटणी करा. पट्टा मिळाला नाही तर त्यांचे पारडे जड होणार, हे दाजी ओळखून होते. दोनशे रुपयांच्या आतल्या एका रबरी पट्ट्यावर एवढे सगळे लोंबकळत होते.

शनिवारी सकाळी सुट्टी होती. आम्ही अशोक स्तंभापाशी उभे राहिलो. गंगापूर रोड येथून सुरू होतो. आमच्या मनात असे, की ज्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सगळी शेतीच आहे, त्या रस्त्यावर ट्रॅक्टरचे सामान कोठे ना कोठे असणारच. म्हणून बसमध्ये न बसता थोडे पायी, थोडे रिक्षाने, असे दोन्ही बाजूंची दुकाने वाचत निघालो.

केटीएचएम महाविद्यालयाचा परिसर ओलांडला. येथे मुलामुलींची गर्दी. आपल्यातली कितीतरी मुले खेड्यातून बसने येऊन या रस्त्यावर शिकली. जुना गंगापूर नाका आला. एके काळी शहर येथे संपत असे, म्हणून नाका. आता नाका केवळ नावात. पुढे दवाखाने, बँका, क्लासेस, चष्म्याची दुकाने, केकची दुकाने. एका ठिकाणी मोटारींच्या सजावटीचे सामान होते. आम्ही आत जाऊन विचारले. मालकाने सभ्यपणे सांगितले, "काका, इथे सीट कव्हर मिळतील." जेहान सर्कलपर्यंत आम्ही सात दुकानांत विचारले. मोटारसायकलचा पट्टा, पिठाच्या गिरणीचा पट्टा, धुण्याच्या यंत्राचा पट्टा, इतकेच काय, व्यायामाच्या यंत्राचा पट्टा मिळण्याची सोय दिसली, ट्रॅक्टरचा नाही.

जेहान सर्कलवर सिटीलिंकची बस पकडली. ही महापालिकेची बससेवा २०२१ पासून सुरू झाली, त्याआधी शहरात एस.टी.च्या बसेस धावत. खिडकीशी बसून आम्ही रस्ता पाहत होतो. आनंदवल्ली आले. राघोबादादा पेशव्यांचे वास्तव्य येथे होते आणि आनंदीबाईंच्या नावावरून हे नाव पडले, असे सांगतात. सोमेश्वर आले. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर भुट्टे खायला सारे नाशिक लोटते. मे महिन्यात मात्र गोदावरी तेथे काळ्या खडकांतून वाट काढीत असते आणि खडकच जास्त दिसतात. बारदान फाट्याला सातपूरचे कामगार उतरले. त्यांच्याकडे पाहून आम्हाला एक आशा उगाच वाटून गेली. महिंद्राचा कारखाना सातपूरला आहेच, आणि आमचा ट्रॅक्टर त्याच घराण्यातला! शेजारच्या सीटवरील एका कामगार बंधूंना विचारले. ते हसले. "साहेब, आमच्याकडे जीपगाड्या होतात. ट्रॅक्टर कांदिवलीला आणि नागपूरला." पुरणपोळी वाण्याकडे मागावी तसे झाले.

गंगापूर गावापासून रस्त्याचा रंग बदलतो. रोपवाटिका, लॉन्स, हॉटेले संपत जातात, मातीचा वास येतो. डाव्या-उजव्या हाताला टोमॅटोचे मांडव, द्राक्षाच्या बागा. सुला कंपनीने १९९९ नंतर या बाजूला द्राक्षाची वाइन करायला सुरुवात केली, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. आणि पलीकडे धरणाची लांबच लांब मातीची भिंत. गंगापूर धरण मातीचे आहे, १९६५ साली पूर्ण झाले. भिंत जवळजवळ चार किलोमीटर भरते. नाशिककर जे पाणी पितात, त्यातले बरेचसे येथले.

आम्ही उतरलो तेव्हा भाचा मोटारसायकल घेऊन उभा होता.

ट्रॅक्टर पडवीत होता. लाल रंग उडून विटकरी झालेला, एका मडगार्डवर आमच्याच भाच्याने शाळेत असताना रंगवलेले फूल. दाजी बाजूला गोणपाटावर तुटलेला पट्टा ठेवून बसले होते, जणू पंचनामा व्हायचा आहे.

"हा काय करतो एवढा?" आम्ही विचारले. दाजींनी आम्हाला पुढच्या जाळीपाशी नेऊन जे दाखवले, ते आपल्या घरातील मुलांनाही कळेल असे आहे. इंजिन चालताना खालची एक पुली फिरते. तिच्यावरून पट्टा वर जातो तो पंख्याच्या पुलीवर. त्याच दांड्यावर मागे पाण्याचा पंप. तेथून पट्टा बाजूच्या डायनामोवर जातो आणि परत खाली येतो. म्हणजे तीन पुल्या आणि एक पट्टा. पट्टा गेला की पंखा थांबतो, पाणी फिरणे थांबते, बॅटरी भरणे थांबते. डिझेल जळतच असते, उष्णता मात्र बाहेर जात नाही. तसाच दामटला, तर पाणी उकळते, हेडचे गॅस्केट जळते, कधी हेडला चीर जाते. मग खर्च दोनशेचा नाही, हजारांचा. काही लोक अशा वेळी जुन्या ट्यूबची पट्टी किंवा नायलॉनची दोरी गुंडाळून घरापर्यंत येतात. घरापर्यंत ठीक, पण नांगराला नाही.

आणि हा पट्टा सपाट नसतो. त्याचा काप पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. तो पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी आवळून बसतो, त्याची पकड बाजूंवर असते. तळाला टेकला की घसरू लागतो. दाजींनी पुलीचा तळ बोटाने पुसून दाखवला. "तळ चकचकीत दिसला तर समजायचं, आधीच्यानं बारीक पट्टा घातला होता." आमच्या पुलीचा तळ गंजलेला होता, म्हणजे चांगले लक्षण. गंज पाहून आनंद होण्याचा हा आमच्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

भाच्याने आणलेला पट्टा तेथेच होता. चांगला जाड, रुंद, आणि पुलीच्या खाचेच्या वर अर्धा उघडा राहणारा. लांबीलाही आखूड. दुकानात त्याने सांगितले होते, "दोनशे पंचाहत्तरचा फॅनबेल्ट द्या." चूक येथेच झाली, पण ती मुलाची म्हणता येणार नाही. आमच्या ट्रॅक्टरचे नाव बी-२७५. आज दुकानदार '२७५' ऐकतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे महिंद्राचा २७५ डीआय उभा राहतो. तो तीन सिलिंडरचा, हा चार सिलिंडरचा. नाव मामाचे म्हणून भाच्याच्या पायात मामाचा जोडा बसतोच असे नाही. पट्ट्यावर ग्रीसचा डाग लागल्यामुळे दुकानदाराने तो परत घेतला नाही. गेले ते पैसे.

बी-२७५ची कुळकथा थोडी ऐकण्यासारखी आहे. मूळचे हे यंत्र इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीचे, पण ते घडले इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या कारखान्यात, १९५८ पासून. पुढे १९६३ साली महिंद्राने या कंपनीशी आणि व्होल्टासशी भागीदारी करून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली व मुंबईत कांदिवलीला हाच बी-२७५ बनू लागला. पस्तीस हॉर्सपॉवरचा. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रातच विलीन झाली. म्हणजे ज्या सुमारास येथे धरणाची भिंत पुरी होत होती, त्याच सुमारास तिकडे कांदिवलीत हे यंत्र उभे राहत होते. महाराष्ट्रात आणि पंजाबात कितीतरी घरांनी पहिला ट्रॅक्टर पाहिला तो हा. थंडीत त्याला सुरू करण्याआधी हीटर तापवावा लागतो, तेवढी सवड देणाऱ्या माणसाचेच तो ऐकतो.

ताईने भाकरी वाढली. जेवण होताच आम्ही कामाला लागलो. ताईच्या शिलाई मशीनच्या खणातून कापडी टेप आणली आणि तुटलेला पट्टा ओसरीवर सरळ पसरून मोजला. बरोबर त्रेचाळीस इंच. रुंदी वरच्या बाजूला अर्धा इंच. आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले आणि बी.कॉम. झालेल्या माणसाच्या ऐटीत भाच्याला म्हटले, "चल. आता नाव सांगायचंच नाही, आकडा सांगायचा."

मोटारसायकलवरून पुन्हा सगळा गंगापूर रोड उलटा, अशोक स्तंभ, नदी ओलांडून पंचवटी, दिंडोरी नाका. या बाजूला शेतीच्या सामानाची दुकाने आहेत, हे आम्हाला आदल्या दिवशीच कोणी सांगितले असते, तर सकाळचे सात दुकानदार वाचले असते. एका दुकानात आम्ही रुंदी सांगितली आणि आकडा सांगितला. दुकानदाराने वर न पाहता विचारले, "ए-त्रेचाळीस?" आम्ही म्हटले, "हो, त्रेचाळीस." त्याने दिला, आम्ही घेतला. इतके सोपे काम असताना लोक उगाच बाऊ करतात, असे परतताना आम्ही भाच्याला ऐकवलेदेखील.

संध्याकाळी पट्टा चढवला. अगदी सहज चढला. तेव्हाच शंका यायला हवी होती. डायनामो बाहेर ओढून पट्टा ताणायचा असतो, त्यासाठी एका लोखंडी कमानीत लांबट भोक केलेले असते. दाजींनी डायनामो त्या भोकाच्या पार टोकापर्यंत ओढला, तरी पट्टा सैलच. "चालवून तर बघू," आम्ही म्हटले. हे वाक्य आमचे, हे कबूल केले पाहिजे. विधवा बाईंच्या रानापर्यंत ट्रॅक्टर गेला, दोन तास ओढली, आणि पट्टा किंचाळायला लागला. धनुष्य तुटल्यासारखा तो आवाज. काटा लाल पट्टीत. दाजींनी लगेच बंद केला.

येथे एक गोष्ट घडली, ती सांगणे आवश्यक आहे. भाचा पाण्याची बाटली घेऊन धावला आणि रेडिएटरचे झाकण उघडायला त्याने हात घातला. दाजींनी त्याच्या मनगटावर अशी चापट मारली, की बाटली रानात जाऊन पडली. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले, तर उकळते पाणी वाफेसह तोंडावर उडते; माणसे अशी भाजली आहेत. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले, तर लोखंडाला चीर जाऊ शकते. अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसायचे, हात लावता येईल इतके निवू द्यायचे, मग झाकणावर ओले फडके धरून हळूहळू. आम्ही बांधावर बसून राहिलो. बाई घरून चहा घेऊन आल्या. त्यांनी इसाराबद्दल एक शब्द काढला नाही, आणि तेच जास्त लागले.

रविवार गेला. वस्तीतल्या त्या चौथ्या घरचे गृहस्थ येऊन ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून गेले. काही बोलले नाहीत.

सोमवारी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पूर्वी असे जुने सामान शोधायचे, तर नाशिकचा माणूस अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात जात असे. तेथे काय मिळत नसे! पण २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने मोठी मोहीम काढून तो बाजार हटवला. त्याच्या बेकायदेशीरपणाबद्दल वाद नाही. मात्र जुनी यंत्रे बाळगणाऱ्या गरीब माणसाचा एक आधार त्याबरोबर गेला, हेही खरे. म्हणून आम्ही द्वारकेकडे वळलो. मुंबई-आग्रा रस्त्याच्या त्या भागात गॅरेजे आहेत, जुने मिस्त्री आहेत. दोन ठिकाणी विचारून तिसऱ्या ठिकाणी एक वयस्क चाचा भेटले. डोळ्यांना जाड भिंगे, बोटे काळी, समोर स्टोव्हवर चहा. आम्ही सगळी कहाणी सांगितली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"साहेब, गाडीत मूळचा डायनामो आहे, की कोणी अल्टरनेटर बसवलाय?"

आम्ही भाच्याला फोन लावला. तो ट्रॅक्टरपाशीच होता. फोटो पाठवला. चाचांनी मोबाईल लांब धरून पाहिला आणि मान हलवली. "हा मोटारीचा अल्टरनेटर. पुली छोटी. कमान पण घरगुती वेल्डिंगची. आता कंपनीच्या पुस्तकातला नंबर मिळाला असता ना, तरी बसला नसता."

म्हणजे आम्ही ज्याला इतके दिवस डायनामो म्हणत होतो, तो डायनामो नव्हताच. आमच्या चार घरांच्या आधी कोणा मालकाने, कधी तरी, बॅटरी नीट भरावी म्हणून तो बदलला होता. त्याने चांगलेच केले. पण त्याबरोबर ट्रॅक्टरचे मापही बदलले, आणि ते कोठे लिहून ठेवले नाही. जुन्या यंत्राला अशी किती माणसांची बोटे लागलेली असतात. तेव्हा त्याला पट्टा शोधायचा, तर पुस्तकाला न विचारता त्यालाच विचारावे लागते.

चाचांनी विचारायची रीत सांगितली. आम्ही फोन मोठ्या आवाजावर ठेवला, तिकडे भाच्याने सुतळी घेतली. ताणत नाही अशी सुतळी हवी. आधी अल्टरनेटर इंजिनाच्या जवळात जवळ ढकलायचा. तिन्ही पुल्यांच्या खाचांच्या वरच्या काठाशी सुतळी धरून एक वेढा घालायचा, खूण करायची, सोडवून मोजायची. बेचाळीस इंच आले. मग अल्टरनेटर भोकाच्या टोकापर्यंत बाहेर ओढून पुन्हा तसेच. चव्वेचाळीस आले. खाचेची वरची रुंदी तेरा मिलिमीटर.

"तेरा म्हणजे 'ए' जातीचा," चाचा म्हणाले. "सतरा असती तर 'बी'. आता साहेब, तुमची गंमत सांगतो. पट्ट्यावर जो आकडा छापतात, तो आतल्या घेराचा, इंचात. तुम्ही मोजला बाहेरून."

आम्हाला कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय काही पटत नाही. 'ए' पट्ट्याची जाडी आठ मिलिमीटर. त्याचा गोल केला, तर आतल्या आणि बाहेरच्या घेरात जाडीच्या सव्वासहा पट, म्हणजे पन्नास मिलिमीटरचा, दोन इंचांचा फरक पडतो. पट्टा गोल असो की तीन पुल्यांवर ताणलेला, फरक तेवढाच. 'बी' पट्टा अकरा मिलिमीटर जाड, त्यात फरक पावणेतीन इंच. तुटलेला पट्टा बाहेरून त्रेचाळीस, म्हणजे तो ए-एक्केचाळीस होता. आम्ही घेतला ए-त्रेचाळीस, म्हणजे बाहेरून पंचेचाळीस. आणि अल्टरनेटर पार टोकाला नेला, तरी सुतळी चव्वेचाळीसच भरते. एक इंच सैल राहणारच! दुकानदाराची चूक नव्हती, त्याने आमचाच आकडा आम्हाला दिला.

हे सगळे आम्ही फोनवर भाच्याला परिघाचे सूत्र सांगून समजावू लागलो. पाच मिनिटे झाली. मागून ताईचा आवाज आला, "अरे, बांगडीचं माप आतून घेतात की बाहेरून?"

चाचांना चहाचा ठसका लागला. आम्ही कागद घडी करून खिशात घातला. दोन-चार, दोन-सहा ही बांगड्यांची मापे आमच्या घरात जन्मापासून बोलली जातात. हात आत जातो, म्हणून माप आतले. आमच्या बी.कॉम.ला जे दोन दिवस आणि एक पट्टा लागला, ते ताईला एका वाक्यात माहीत होते. तिला शनिवारी टेप मागताना आम्ही, टेप कशाला हवी, एवढेही सांगितले नव्हते.

सुतळीच्या दोन मापांतून दोन-दोन इंच वजा केले, की चाळीस ते बेचाळीस. मधला घ्यायचा, एक्केचाळीस. चाळीस घेतला, तर चढवताना जबरदस्ती करावी लागते आणि पट्ट्याच्या आतले धागे तुटतात. बेचाळीस घेतला, तर पुढे ताणायला जागा उरत नाही, कारण नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा सैल होतोच. चाचांनी शेजारच्या दुकानातून ए-४१ चे दोन पट्टे मागवून दिले. दोन कशाला, असे आम्ही विचारताच म्हणाले, "एक तुटल्यावर दुसरा शोधायला पुन्हा रजा टाकणार का?" मापाचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. आम्ही शेवटी बिस्किटांचे पुडे आणून ठेवले, ते त्यांनी गॅरेजातल्या पोराला दिले.

संध्याकाळी पुन्हा गंगापूर रोड. बसमध्ये उभ्याने, हातात पिशवी, पिशवीत दोन पट्टे. आनंदवल्लीपासून पुढे पश्चिमेला ढग काळे झाले होते आणि विजा चमकत होत्या. आम्ही कंडक्टरला उगाच दोनदा विचारले, अजून किती वेळ.

बॅटरीच्या उजेडात दाजींनी पट्टा चढवला. या वेळी घाई नव्हती. आधी अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो आत ढकलला, मग पट्टा हाताने पुल्यांवर बसवला. पान्हा किंवा स्क्रूड्रायव्हर घालून उचकटून चढवायचा नाही, हे त्यांनी भाच्याला दोनदा सांगितले. पट्ट्याची वरची कड पुलीच्या काठाशी बरोबर जुळली. मग अल्टरनेटर बाहेर ओढून बोल्ट आवळले आणि दोन पुल्यांमधल्या लांब पल्ल्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहिले. अर्धा इंच दबला. त्याहून जास्त दबला, तर सैल. अजिबात दबला नाही, तर इतका ताठ की पाण्याच्या पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग खाऊन टाकील. ताईनेही अंगठा लावून पाहिला. तिने 'ठीक आहे' म्हटल्यावर हीटर तापवला गेला.

बाईंचे रान त्या रात्रीच उरकले. उजेडासाठी भाच्याची मोटारसायकल बांधावर उभी केली होती. काटा मधल्या खुणेच्या पुढे गेला नाही. पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

चार तास चालल्यावर दाजींनी पट्टा पुन्हा एकदा ताणला. दुसरा ए-४१ ताईने स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगला आहे, उन्हापासून आणि डिझेलच्या डब्यापासून लांब. भाच्याने ट्रॅक्टरच्या अवजारांच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने पांढऱ्या रंगाने लिहिले आहे: फॅनबेल्ट ए-४१, आतून मोजणे. खाली ताईने त्याला बांगडी काढायला लावली.

चौथ्या घरचे गृहस्थ अजून विकायचेच म्हणतात. पुढल्या पौर्णिमेला बैठक आहे. आम्हाला जमाखर्च मांडायला बोलावले आहे.